मास्तरांचा टेप आणि बॉबिन

आमच्या तळमजल्यावरचे टेलरमास्तर कापडात उदार आणि बोलण्यात कंजूष. शिलाईत दोन बोटं कापड जास्त सोडतील, पण 'बसा' म्हणायला त्यांना पाच मिनिटं लागतात. मी बरोबर त्यांच्या डोक्यावर राहते आणि माझ्या खिडकीतून त्यांच्या दुकानाचं दार दिसतं, त्यामुळे पुढचं सगळं मला निव्वळ नाइलाजानं ठाऊक आहे.

पंचावन्नाव्या वर्षी या माणसानं कुत्रा पाळला. पाळला म्हणजे काय, तोच जिन्याखाली येऊन बसला होता. गळ्यात चामडी पट्ट्याचा तुकडा, पाठीवर वळ. मास्तरांनी त्याला आत घेतलं आणि मशीनच्या रिळावरच्या धाग्यासारखा अंग गोल गुंडाळून झोपतो म्हणून नाव ठेवलं बॉबिन. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, नाक मुरडलं. पण अंथरायला जुन्या कोटाचं अस्तर त्यांनीच काढून दिलं.

पंचाईत अशी, की शिंप्याच्या घरात राहून बॉबिनला धास्ती टेपचीच. माप घ्यायला मास्तरांनी गळ्यातला टेप काढला की हा मशीनखाली घुसून गुरगुरायचा. एकदा तर बाहेर झेपावून त्यानं गिऱ्हाइकाची पँट टर्रकन फाडली. गिऱ्हाईक हुशार, ती फुकट शिवून घेतली आणि मग पुन्हा कधी फिरकलं नाही. वहिनींनी त्याच दिवशी धाकट्या भावाला फोन लावला: महिन्याच्या शेवटच्या रविवारी गाडी घेऊन ये आणि हे ध्यान तुझ्या गोदामावर राखणीला ने.

मी सल्ला दिला. मी देतेच. म्हटलं, मास्तर, तो कापड मोजायचा लाकडी गज कशाला ठेवलाय, एक ठेवून द्या, सुतासारखा सरळ येईल.

मास्तर टाका घालता घालता म्हणाले, "ताई, मारूनच तर बिघडवलंय त्याला कुणीतरी."

मी वर निघून आले. त्यानंतर दोन दिवस मी कुणालाही सल्ला दिला नाही, हा आमच्या इमारतीतला विक्रम आहे.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना वेगळंच शिकवलं होतं. टेप इतका लांब ठेवायचा की त्याला भीती वाटणार नाही. तो शांत राहिला की खाऊ द्यायचा. मग अंतर जरा जरा कमी करायचं, आणि त्याला उठून जावंसं वाटलं तर अडवायचं नाही. अंतर म्हटल्यावर मास्तरांच्या अंगात आलं. मापांच्या वहीत एका वकिलाची छाती आणि एका जाड बाईंची कंबर यांच्यामध्ये बॉबिनचं पान सुरू झालं. 'नऊ फूट, कान मागे.' 'साडेसात फूट, शेपटी सैल.' (जाड बाई मीच. वही उघडी होती, मी काय करू?) तिसऱ्या आठवड्यात घडी घातलेला टेप बॉबिनच्या पंजाला लागून पडलेला असायचा आणि हा घोरत असायचा.

रविवार तीन दिवसांवर आला. आता जिवंत माणसाचं माप घ्यायचं होतं आणि कुणी धजेना. शेवटी मीच कोटाचं कापड घेऊन खाली गेले. मास्तरांनी टेप काढला. बॉबिन थेट मशीनखाली, आणि गुरगुर अशी की मी स्टुलावर चढले. स्टूल माझ्यापेक्षा जास्त घाबरलं.

मास्तरांचा चेहरा उसवल्यासारखा झाला. वहिनी टोमणा मारतील म्हणून मी कान टवकारले, पण त्या हातातलं काज अर्धवट टाकून नवऱ्याच्या हाताकडे बघत होत्या.

"अहो, टेप पुन्हा गळ्यात घाला आणि काढा बरं."

मास्तरांनी काढला. सप्पकन. तीस वर्षांची ऐट ती! मान जरा तिरकी, हाताला झटका, आणि टेप हवेत चाबकासारखा फटकतो. गिऱ्हाइकावर छाप पडते. सराव करताना मात्र हा माणूस टेप घडी घालून हलकेच जमिनीवर ठेवायचा.

"कुत्रा शिकला," वहिनी म्हणाल्या. "आता तुम्ही शिका."

मग मास्तरांची शाळा भरली. हात ऐकेना. वहिनी समोर बसायच्या. टेप हळू उतरला की चहाचा कप पुढे सरकवायच्या, झटका बसला की नुसत्या गप्प. एकदाही खेकसल्या नाहीत, आणि मी अगदी कान देऊन होते.

शनिवारी पुन्हा मीच. आधी मास्तरांनी नुसताच टेप काढून दाखवला, पाच-सहा वेळा, खांद्यावरून शाल ओघळावी तसा. दर वेळी बॉबिनला तुकडा. मग ते माझ्याकडे वळले. बॉबिन उठला, दोन पावलं मागे गेला. दार उघडंच होतं. तो दाराकडे बघत उभा राहिला, आणि मी देवाशप्पथ श्वास रोखला होता, पोट आत ओढायला नव्हे. टेप माझ्या कंबरेभोवती फिरला. त्या फेरीला वेळ लागतो. तेवढ्यात बॉबिन परत आला, कान मागे पाडूनच, आणि अस्तरावर बसला. मास्तरांनी तुकडा दिला आणि टेप बाजूला ठेवला. आज एवढंच, म्हणाले, छाती उद्या. या चालीनं माझा कोट पुढच्या थंडीत होईल.

वहिनींनी फोन लावला.

"उद्या ये, पण जेवायला ये," त्या भावाला म्हणाल्या. "न्यायला काही नाही. आणि आत येताना जरा हळू ये रे, तुला बघून तो घाबरायला नको."