रुफिनोनं ओतलेला चंद्र

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या मोहावीत घर असो, दुकान असो की विमानाची शेड, खालचं काँक्रीट बहुतेक रुफिनो साउसेदोनं ओतलेलं असतं. चाळीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. दोन्ही गुडघे त्यातच गेले. कुणी चौकशी केली तर म्हणायचा, "गेलेत कुठे, इथंच आहेत. एक शेरीफच्या पडवीखाली, दुसरा पेट्रोलपंपाखाली." एरवी बोलणं मोजकं. पण आपल्या कामाला तडा गेलाय असं कानावर आलं की ताटावरून उठून बघायला जायचा.

आमच्याकडे काँक्रीटचा खरा वैरी वारा. सकाळी ओतलेल्या कामातला ओलावा दुपारपर्यंत शोषून घेतो, आणि संध्याकाळी बघावं तर वर तडेच तडे. म्हणून ओतून झालं की गोणपाटं पसरायची, पाणी मारायचं, वर प्लास्टिक झाकायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. रुफिनोची मुलगी दालिया शाळेच्या सुट्ट्यांत त्याच्याबरोबर कामावर जायची, तेव्हा तिला त्यानं पहिला धडा दिला तो हाच. आईला आणि बापाला विसरलीस तरी चालेल, पाण्याला विसरू नकोस, असं तो म्हणे.

पुढे दालियानं थापी सोडली आणि पाना धरला. पवनचक्क्यांच्या कंपनीतली बरी नोकरी सोडून ती विमानतळावरच्या एका शेडमध्ये कर्टिस नावाच्या माणसाच्या टोळीत शिरली. सहा जण, एक जुना ट्रक आणि चंद्रावर उतरण्याचं वेड. एका श्रीमंत संस्थेनं बक्षीस लावलं होतं, दहा लाख डॉलर. सरकारी पैसा न घेता असं यंत्र बनवायचं, जे एका तळावरून उडेल, तीन मिनिटं हवेत राहील, पन्नास मीटरवरच्या खोट्या चंद्रावर उतरेल आणि इंधन भरून परत येईल. दोन्ही वेळा मधल्या खुणेपासून किती लांब उतरलं ते मोजायचं आणि सरासरी काढायची. ज्याची सरासरी कमी त्याला सगळे पैसे. दुसऱ्याला टाळ्या. त्या यंत्रातली प्रत्येक नळी आणि झडप दालियाच्या हातची होती, आणि तीन वर्षं ती त्याशिवाय दुसरं काही बोलत नव्हती.

तो खोटा चंद्र, म्हणजे खाचखळग्यांचा काँक्रीटचा तळ, ओतायचं काम जूनमध्ये रुफिनोला मिळालं. नकाशाबरहुकूम त्यानं खड्डे पाडले, काही ट्रकच्या चाकाचं झाकण दाबून, काही बायकोच्या जुन्या परातीनं. दगड बसवले. गावानं त्याची यथेच्छ थट्टा केली.

"रुफिनो, चंद्राला उतार दिलास ना? पाणी तुंबेल."

"चंद्रावर पाणी नसतं," तो म्हणायचा, "म्हणून तर तिथं कुणी मला बोलवत नाही."

एक नियम मात्र कडक होता. तळाचं काम करणाऱ्यानं स्पर्धा संपेपर्यंत कुठल्याही टीमशी तळाबद्दल अक्षर बोलायचं नाही. ऑक्टोबरभर बापलेक एकाच टेबलावर जेवले आणि बीन्समध्ये मीठ किती, याच्यावर बोलत राहिले. रुफिनोची बायको म्हणाली, घरात दोन हेर पाळलेत मी.

स्पर्धा संपायला नऊ दिवस होते तेव्हा एका टीमचं यंत्र उतरताना कलंडलं आणि चंद्राचा एक तुकडा फुटला. जेवणाच्या टेबलाएवढा, मधल्या खुणेच्या दक्षिणेला, जेमतेम मीटरभरावर. रुफिनोनं तो कापून काढला, नवा ओतला आणि हाताला जे ठाऊक होतं ते केलं. गोणपाटं, प्लास्टिक, आणि सहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी. संस्थेच्या इंजिनिअरनं हातोडी मारून बघितली. आवाज खणखणीत आला. रुफिनोनं कागदावर सही केली.

आठव्या दिवशी दुसरी एक टीम उडाली आणि व्यवस्थित परत आली. सरासरी चौसष्ट सेंटिमीटर. त्यांच्यामागे रुफिनो चंद्र झाडायला गेला तर नव्या तुकड्याच्या कडेला नखाएवढी कपची उडालेली दिसली. त्यानं ती उचलून ओठाला लावली. गार होती, ओली होती. मग त्यानं हातभर प्लास्टिकचा कागद त्या तुकड्यावर चारी बाजूंनी चिकटवला आणि घरी गेला.

शेवटच्या दिवशी उजाडताच त्यानं कागद सोडवला. खालच्या अंगाला थेंब होते. तो तिथंच चंद्रावर बसला. काँक्रीट मजबूत होतं, त्याबद्दल प्रश्न नव्हता. पण सहा दिवस त्यानं जे पाणी पाजलं होतं ते सगळं आत होतं, आणि वरून इंजिनाची ज्वाळा आली की त्याची वाफ होणार. वाफ वाट शोधणार, आणि वाट म्हणजे वरचा थर फोडूनच. काँक्रीटच्या कपच्या यंत्राच्या पोटात शिरल्या तर नळ्या तुटतील. आज उडायची पाळी एकाच टीमची होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा रुफिनोला आपल्याच कामाची भीती वाटली.

रोजच्यासारखी दालिया कुंपणापाशी आली आणि जाळीच्या वरून तिनं बुरीतो दिला. पोळीत गुंडाळलेलं अंडं आणि लाल मिरची.

"चेहरा का असा? झोप नाही लागली?"

"लागली की."

"मम्मी म्हणते, तू माझ्यापेक्षा जास्त घाबरलायस."

"तुझी मम्मी सगळ्यांबद्दलच तसं म्हणते."

खिशात तो ओला कागद घडी करून ठेवलेला होता. उत्तरेला रहा, एवढं एक वाक्य पुरलं असतं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मुख्य पंचाकडे गेलं तर तळच बंद व्हायचा आणि पोरीची तीन वर्षं मातीत जायची. दालिया शेडकडे निघाली, आणि रुफिनो बुरीतो हातात तसाच धरून पंचांच्या तंबूकडे चालू लागला.

मुख्य पंच लॉर्ना प्रुइट. निम्मं आयुष्य तिनं विमानांना रस्ता दाखवण्यात घालवलं होतं. तिनं कागद हातात घेऊन उजेडात धरला.

"तुमची मुलगी आजच्या टीममध्ये आहे ना?"

"आहे."

"तिला सांगितलंत?"

"नाही. नियम तुमचाच आहे, बाई."

तिनं पेन पुढे केलं. मग म्हणाली, "लिहून द्या."

त्यानं लिहिलं: नवा तुकडा आतून ओला आहे. पाणी मी मारलं. खाली पूर्ण नाव. लॉर्नानं उरलेल्या दोन्ही टीमना बोलावून ते मोठ्यानं वाचलं आणि निर्णय दिला. तळ बदलायला वेळ नाही, मुदत आज संपते, उडायचं असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर. दालिया बापाकडे बघत होती.

"सकाळी तुला माहीत होतं?"

"हो."

कर्टिसनं सगळ्यांना जवळ घेतलं, आणि त्यांनी यंत्राला सांगितलं की मधली खूण सोड, मीटरभर उत्तरेला उतर.

यंत्र उडालं, तीन मिनिटं वाऱ्यात तोल सांभाळत राहिलं आणि चंद्राकडे खाली आलं. ज्वाळा अजून दोन हात वर होती तेवढ्यात तो तुकडा फुटायला लागला. लाह्या फुटाव्यात तशा कपच्या उडाल्या, त्या थेट कुंपणापर्यंत आल्या. रुफिनोनं डोळे मिटून घेतले. धूळ बसली तेव्हा यंत्र चारी पायांवर उभं होतं आणि एकही नळी तुटलेली नव्हती. तासाभरानं ते परतही आलं.

लॉर्नानं मोजपट्टी धरली. चंद्रावर एकशे बारा सेंटिमीटर, परतीला अठ्ठावीस. सरासरी सत्तर. सहा सेंटिमीटरनं दहा लाख डॉलर शेजारच्या शेडमध्ये गेले.

कर्टिस येऊन रुफिनोचा हात दाबून म्हणाला, "मध्ये उतरलो असतो तर यंत्र भंगारात गेलं असतं."

"किंवा काहीच झालं नसतं," दालिया म्हणाली आणि ट्रकमध्ये जाऊन बसली.

घरात तीन आठवडे मिठाबद्दलसुद्धा बोलणं नव्हतं. रुफिनोला अन्न गोड लागेना. गावात कुणी त्याला नावं ठेवली नाहीत, आणि त्याला तेच जास्त लागलं. शेवटी एका रविवारी भांडी घासता घासता तीच बोलली.

"मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर जिंकली असतीस?"

"नाही. तेवढंच लांब उतरलो असतो. बक्षिसाचं कोण बोलतंय? तू आधी माझ्याकडे आला असतास."

"मग जिंकली असतीस तर ते बक्षीस चोरीचं झालं असतं. तुझ्या हातच्या कामाला तो डाग मला नको होता." त्यानं पुसायचं ताट खाली ठेवलं. "आणि पोरी, तू जाळीच्या पलीकडे होतीस तेव्हा तोंड दाबून धरताना जीव जात होता माझा."

तिनं एक ताट पुन्हा घासलं. आधीच स्वच्छ होतं ते.

फेब्रुवारीत कर्टिसच्या टोळीला पुढचं काम मिळालं आणि त्यांना स्वतःचा तळ हवा होता. बेकर्सफील्डच्या एका ठेकेदाराचा भाव आला होता. दालियानं तो कागद बाजूला सारला आणि बापाला फोन केला. रुफिनो आला, वाऱ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला आणि दिवसभरात तळ ओतून गुळगुळीत केला. संध्याकाळी गोणपाटं पसरली. मग हातात रबरी नळी घेऊन तो नुसताच उभा राहिला.

दालिया नळापाशी होती. "काय झालं?"

"नको मारूया पाणी. राहू दे."

"उडवायचंय कधी?"

"जूनमध्ये. तूच म्हणालीस."

"मग वाळायला चार महिने आहेत. वारा बघ केवढा आहे तो. उद्या तडे गेले तर गावात तोंड दाखवशील?"

"हात धजत नाही, दालिया."

"धर नीट," ती म्हणाली, आणि तिनं नळ सोडला.