अशोकवनातलं पान

गावात कुणाच्या अंगात आलं की मी मुद्दाम पुढे जाऊन बसायचो आणि घुमणाऱ्याला एकोणीसचा पाढा विचारायचो. असा मी माणूस. आपल्या मासिकात वाचकांचे जे विलक्षण अनुभव येतात, तेही मी आजवर करमणूक म्हणूनच वाचले, हे आधी कबूल करतो. माझ्या हकिकतीत भूत नाही, मसणवटा नाही, अमावास्या नाही... एका झाडाचं पान आहे. आणि जे घडलं ते भरदिवसा, साऱ्या गावाच्या देखत घडलं. माणसांची नावं मी बदलली आहेत. माझं नाव मात्र देणारच नाही. का, ते पुढे कळेल.

नुकतंच संपलेलं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. शहादा तालुक्यात कळसाडीच्या शाळेत मी मास्तर होतो. त्या साली कपाशी चांगली उतरली आणि गावचे मोठे शेतकरी हिरामण आबा यांच्या मनाने रामेश्वर घेतलं. धुळ्याचा एक यात्रा नेणारा म्हणाला, रामेश्वरापर्यंत जाताच आहात तर समुद्र ओलांडून लंकाही बघा. तिथली अरण्यं, बागा, देवळं सगळं आठ दिवसांत फिरवून आणतो. आबांनी अकरा जणांची पार्टी जमवली. सगळे शेतकरी, त्यात तिघांच्या बायका. मला घेतलं ते माझ्या इंग्रजीसाठी. तेव्हापासून मी दोन बोटं जास्तच उंच चालू लागलो होतो.

निघायच्या आदल्या दिवशी द्वारकाताई शाळेत आली. हिचा नवरा पाच वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेतून एका घोडेवाल्याबरोबर मारवाडाकडे गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. ती भाऊ दगाजीकडे राहायची. आमच्याकडे अशा बाईचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तापीकाठच्या एका गावचा श्रीपत नावाचा विधुर तिला मागत होता. शेती बरी, स्वभाव शांत, पदरी दोन लहान लेकरं. द्वारकाताई हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

"गुरुजी, तुम्ही लंकाले जाई ऱ्हायनात," ती म्हणाली. "सीतामाय जठे बठेल व्हती, तठलं एक पान माले लई या."

"पान कशाला ताई, सोन्याची वीटच आणतो," मी म्हणालो.

ती हसली नाही. "पानच लया," म्हणाली. मी बरं म्हटलं आणि वह्या तपासायला घेतल्या.

प्रवासाचं सगळं सांगत नाही. बोटीवर आमची निम्मी पार्टी आडवी झाली. पलीकडे उतरल्यावर एक तमिळ गाइड मिळाला. तो इंग्रजीत सांगायचा, मी मराठीत सांगायचो, आणि माझं पुस्तकी मराठी आबा पुन्हा अहिराणीत बायकांना समजावायचे. नदीत डुंबणारे हत्ती पाहिले. कँडीला बुद्धाचा दात ठेवलेलं देऊळ पाहिलं. तिथली सरकारी बाग तर अशी की एक दिवस पुरू नये... बुंध्यालाच फुलं आलेलं एक झाड होतं आणि प्रत्येक फुलात जणू महादेवाची पिंड. आमच्या लोकांनी त्या झाडालाही नमस्कार केला, दातालाही केला, हत्तीलाही केला. बाजूला साहेबलोक उभे असायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी चार पावलं लांब उभा राहायचो, म्हणजे ही मंडळी माझी नव्हेत असं वाटावं.

चहाच्या डोंगरांवर आबा मोटारीतून डोकं काढून बघत होते. "इतला चढवर वखर कसा चालस?" त्यांनी विचारलं. गाइडने सांगितलं की पुढे सीतेचं अशोकवन आहे, तिथली माती हनुमानाने जाळली म्हणून काळी आहे. मी ते मराठीत सांगितलं, तर आबा म्हणाले, "काळी माती ते आमनी बी शे. आमनं गाव कोनी जाळं व्हतं?" गाडीत सगळे हसले. मी नाही हसलो. मला वाटलं, यांना कुठे न्यायची सोय नाही.

मोटार थांबली. खाली ओढ्यापर्यंत पंधरा मिनिटांची उतरण होती, पाऊस भुरभुरत होता, आणि माझ्या पायात नवे बूट होते. रस्त्याच्या कडेला चहाचं एक छान हॉटेल होतं. तिथे दोन मडमा बसल्या होत्या. मी गाइडला म्हटलं, तू यांना ने, मी इथेच थांबतो. मी चहा मागवला आणि इंग्रजी वर्तमानपत्र उघडून पाऊण तास एकच बातमी वाचत बसलो. मडमांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

मंडळी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून वर आली. प्रत्येकाच्या पदरात, धोतराच्या सोग्यात पानं होती. मी म्हणालो, "आबा, बकऱ्यांना पाला नेताय का?"

"गुरुजी, तुम्ही बी खाले उतराले जोयजे व्हतं," आबा एवढंच म्हणाले.

द्वारकाताईचं पान मी साफ विसरलो होतो. ते आठवलं थेट दोंडाईच्याच्या स्टेशनात. आम्हाला न्यायला दगाजी गाडी जुंपून आला होता. तो म्हणाला, "द्वारकी रोज इचारस, गुरुजी कवय येतीन." आबांकडे एक पान मागितलं असतं तर त्यांनी हसत दिलं असतं. पण बकऱ्यांचा पाला म्हटल्यावर कुठल्या तोंडाने मागायचं? तोंड धुऊन येतो म्हणून मी स्टेशनाबाहेर गेलो. तिथे एका बंगल्याच्या भिंतीवरून कसल्याशा झाडाची फांदी बाहेर आली होती. रुंद, जाडसर, चकचकीत पानं. आमच्या गावात तसलं झाड नव्हतं. मी एक पान तोडलं. घाईत नख लागून देठाजवळ त्याची कड फाटली. ते रुमालात गुंडाळून मी गाडीत येऊन बसलो, सारंगखेड्याला नावेतून तापी ओलांडली आणि संध्याकाळच्या आत गावात पोचलो.

यात्रेकरू आले म्हणून वेशीवर वाजंत्री होती. बायकांनी आमचे पाय धुतले. द्वारकाताईने माझे धुतले. मग मारुतीच्या पारावर सगळ्यांनी आपापली गाठोडी सोडली... तर काय, आठ दिवसांच्या प्रवासात लंकेच्या पानांचा पार चुरा झालेला. आबांची बायको तर रडायलाच लागली. मी रुमाल उघडला. हिरवंगार पान.

सगळे जवळ सरकले. आबा माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही ते खाले उतरनाच नही व्हतात."

"तुम्ही चहा पीत होता ना आबा, तेव्हा मी एकटा जाऊन आलो," मी म्हणालो. हे इतकं सहज तोंडातून गेलं की मलाच नवल वाटलं. आबांनी पानाला हात जोडले. मग रांगच लागली.

त्याच पारावर दगाजीने बहिणीला विचारलं, की बाई, यात्रा येऊ दे म्हणत होतीस, ती पण आली, आता श्रीपतला काय सांगू? द्वारकाताईने पान पदरात घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हाई पान मी देवना पुढे ठेवसू. जवय सुकी, तवय मी हो म्हनसू."

दगाजी खूश झाला. सगळेच समजले. पान सुकायला किती वेळ लागतो? बाईने लाजेकाजेने आठ दिवस मागून घेतले होते, एवढंच. खरं तर तिने होच म्हटलं होतं.

आठ दिवस झाले. पंधरा झाले. पान हिरवं. पितळी ताटलीत कोरडं ठेवलेलं, पाण्याचा थेंब नाही. होळी झाली. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. मडक्यातलं पाणी तापतं, दाराच्या फळ्या तडकतात. पान तोडलं तसंच होतं. माझा पहिला संशय असा की बाई रोज नवं पान आणून ठेवते. पण देठाजवळची माझ्या नखाची फाट तशीच होती. मी स्वतः वाकून पाहिली. शाळेच्या कामाने दोंडाईच्याला गेलो तेव्हा त्याच फांदीचं दुसरं पान आणून टेबलावर ठेवलं. ते पाचव्या दिवशी तपकिरी झालं.

आता आजूबाजूच्या गावांहून बायका दर्शनाला येऊ लागल्या. सीतामाईचं पान म्हटल्यावर त्यांना कसलंच कोडं नव्हतं. ते पान अजून हिरवं कसं, हा प्रश्न अख्ख्या तालुक्यात एकट्या मलाच पडला होता, आणि तो मी कुणाला विचारणार?

चैत्रात एकदा ठरवून गेलो, की आज सांगून टाकायचं. दारात दहा-बारा बायका बसलेल्या. दगाजीने मला घोंगडी टाकली. एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, कसं शे हो ते ठिकान?" आणि मी सांगायला लागलो... ओढ्याचं पाणी कसं थंड, दगडावर सीतामाईच्या पावलांच्या खुणा कशा. अर्धा तास बोललो. बायका डोळे पुसत होत्या. मी पाहिलं होतं ते फक्त चहाचं हॉटेल.

उठलो तेव्हा द्वारकाताई अंगणापर्यंत पोचवायला आली. इकडे तिकडे बघून तिने विचारलं, "गुरुजी, तठलं पान कितला दिन टिकस हो?"

हे वाक्य मला आजही झोपू देत नाही. तिला ते सुकायला हवं होतं. आदल्याच आठवड्यात श्रीपत लेकरांना घेऊन येऊन गेला होता, आणि त्याची धाकटी पोर दिवसभर हिच्या कडेवरून उतरली नव्हती. ती माझ्याकडे सुटका मागत होती. "ताई, ते दोंडाईच्याचं आहे," एवढे चार शब्द पुरले असते. पण माझं नाव आता लांबवर झालं होतं. लोक रस्त्यात माझ्या पाया पडत होते.

"पवित्र जागेचं आहे ताई," मी म्हणालो. "काय सांगता येतं?"

तिने मान हलवली आणि आत गेली.

श्रीपतने आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट पाहिली. आखाजीला गावात झोके बांधले, पोरी गाणी म्हणत होत्या, आणि द्वारकाताई सकाळपासून तीनदा देवापाशी जाऊन बघून आली असं दगाजीची बायको सांगत होती. पान हिरवंच होतं. तिनेच दगाजीकरवी निरोप पाठवला की मी बोलले त्याला बांधलेली आहे, तुम्ही लेकरांचं बघा. पावसाआधी श्रीपतने दुसरी बायको केली.

ते कळल्यावर मी गेलो. ज्याला आता काही अर्थ उरला नव्हता ते करायला मी शेवटी गेलो! द्वारकाताई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. शाळेत पोरांच्या तोंडी मी अहिराणीचा शब्द चालू द्यायचो नाही. त्या दिवशी मात्र घरचीच भाषा तोंडात आली.

"ताई, ते पान लंकानं नही. दोंडाईचानं शे. मी तठे गऊच नही व्हतू."

तिचं सूप थांबलं नाही. मला वाटलं ऐकलंच नाही. मग ती म्हणाली, "तुम्ही आखाजीना पहिले सांगतात, ते..." आणि सूप खाली ठेवलं. आत जाऊन तिने पान आणलं, माझ्या तळहातावर ठेवलं. "लई जा," म्हणाली. तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने हे कुणाला सांगितलंही नाही. गावाला वाटलं, गुरुजींचं पान गुरुजींकडे गेलं.

मी ते घरी नेऊन देवापुढे ठेवलं, तसंच, कोरडं. चौथ्या दिवशी त्याच्या कडा वळल्या. सहाव्या दिवशी उचलायला गेलो तर हातात चुरा आला.

तिच्या घरी साडेतीन महिने, तेही भर उन्हाळ्यात, आणि माझ्याकडे सहा दिवस. शेतकी खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला मी नाव न सांगता विचारलं. तो म्हणाला, असं होत नाही. खोट्या पानात सीतामाई कशाला येईल? आणि सीतामाई असेल तर तिने त्या बाईला का अडवलं? की ते सगळं मला दाखवण्यासाठी होतं, आणि मी बघूनही गप्प बसलो? दहा वर्षं होत आली, मला काही म्हणजे काही कळलेलं नाही. तिचा नवरा आजतागायत आला नाही. मी त्याच साली बदली मागून घेतली आणि कळसाडी सोडली.

सोडण्याआधी एक काम केलं. द्वारकाताई शेतातून चाऱ्याचा भारा घेऊन येत होती, तिला रस्त्यात गाठलं. तिला सांगायलाच हवं असं वाटलं.

"ताई, पान सुकनं."

ती भाऱ्यासकट थांबली. "सुकनं?"

"हा."

तिने डोक्यावरचा भारा एका हाताने सावरला. "मंग मन्हा हो शे, गुरुजी," ती म्हणाली. "ज्याले सांगनं व्हई त्याले सांगी द्या."

आणि ती घराकडे गेली.