मेनूतला काना

हडपसरच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ कधी स्वस्थ नसत. पाय सतत हलत असे, आणि बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून ते खिडकीशी जात. काल नोकरीला लागलेल्यालाही मात्र ‘अहो’ म्हणत.

आम्ही मराठी टेक्स्ट एडिटर बनवत होतो. इंग्रजी अक्षर संगणकात साठवायला एक बाइट पुरतो, मराठीला तीन लागतात. आमचा कोड मेनूतल्या प्रत्येक ओळीचा शेवटचा बाइट कापायचा, आणि मोडलेला काना दिसेनासा व्हायचा. ‘उघडा’चं ‘उघड’ झालं, ‘जतन करा’चं ‘जतन कर’.

“फॉन्ट बदलून बघा,” मॅनेजर म्हणाले. सगळे फॉन्ट बदलून झाले, काना काही येईना. “असू दे. अर्थ कळतोय. उद्या डेमो आहे.”

डेमोला एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. मॅनेजरांनी मेनू उघडला, तसे माझे शेजारी उठले.

“बाई, थांबा. हा आपल्याला अरेतुरे करतोय. असा मी देणार नाही.”

त्याच महिन्यात दोघांना कामावरून काढलं होतं. मॅनेजरांचे कान लाल झाले. बाईंनी चष्मा लावून मेनू वाचला.

“खरंच की. मग करा दुरुस्त, मी बसते.”

शेजाऱ्यांनी सगळ्यांसमोर कोड उघडला. चहा निवला, मॅनेजर घड्याळ बघत राहिले. अखेर बाईंनी स्वतः मेनू उघडून ‘बंद करा’पर्यंत मोठ्यानं वाचला.

“आता मुलांपुढे ठेवता येईल,” त्या म्हणाल्या.