सायलेन्सरची धग

उमरग्यात हायवेला लागून महांतप्पांचं सायलेन्सर दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षं तेच काम. उजवा हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरलेला. "डिझेल आपण घालायचं आन् निम्म्याहून जास्त नुसती धग होऊन जायचं, ह्याला काय अर्थ हाय?" असं ते येईल त्या ड्रायव्हरला विचारत. ड्रायव्हर हसून निघून जात.

एकदा गार पाण्याचं बिघडलेलं मशीन खोलताना त्यांना काडेपेटीएवढी पांढरी पट्टी सापडली. वीज दिली की तिची एक बाजू गार होई, दुसरी गरम. मग एक बाजू तापवून दुसरी गार ठेवली, तर उलट वीज मिळेल का? त्यांनी करून पाहिलं. बारका बल्ब लागला. त्यांची बायको महादेवी पिठाच्या हातानंच बघायला आली.

पुढची दोन वर्षं त्यातच गेली. तसल्याच विकत आणलेल्या पहिल्या पट्ट्या धुराच्या पाइपवर जळाल्या, म्हणून जास्त ताप सोसणाऱ्या मागवल्या. त्या मल्हार या ओळखीच्या ड्रायव्हरच्या वडापच्या, म्हणजे गावोगाव प्रवासी नेणाऱ्या, जीपला बसवल्या, वरून गार पाणी फिरवलं. हेडलाइट त्या विजेवर चालू लागले, इंजिनावरचा तेवढा भार उतरला. दोघांनी चार महिने टाकी भरून भरून हिशेब काढला. महिन्याला तीन लिटर डिझेल वाचत होतं.

"तीनच का, अप्पा?" मल्हार म्हणाला.

"तीन तर तीन. आजवर एकबी वाचत नव्हतं."

मग जीपचं पासिंग आलं. धाराशिवच्या आरटीओत महांतप्पा स्वतः सोबत गेले. तपासणीचे साहेब वाकून बघत राहिले, बारीकसारीक विचारत राहिले. शेवटी उठून म्हणाले, "काका, डोकं भारी आहे तुमचं. पण धुराच्या पाइपला हे जोडलेलं असताना मला सही करता येत नाही. आधी चाचणी करून मंजुरी आणावी लागेल."

"ती कुठं मिळती?"

"पुण्याला. पण तिथं कंपन्या जातात, काका. एकट्या माणसाला..." साहेबांनी कागद मल्हारच्या हातात परत दिले.

पासिंग नाही तर जीप उभी, आणि मल्हारचं घर त्याच जीपवर. तरी परतताना अप्पांच्या चहाचे पैसे त्यानंच दिले. महांतप्पांना तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जीपखाली शिरले. बोल्ट गंजून घट्ट बसले होते, गॅसनं कापावे लागले. काढताना पट्ट्या एकेक करून फुटत गेल्या.

"एखादी राहू द्या की," मल्हार म्हणाला.

"नगं. परत अडवतील."

जीप पास झाली. महांतप्पांनी सगळा हिशेब मांडून एका इंजिनिअरिंग कॉलेजला पत्र लिहिलं. महिन्यानं तिथल्या सरांचा फोन आला. आकडे बरोबर आहेत, ते म्हणाले. मोठ्या कंपन्यांनीही हे करून पाहिलंय, पण त्यांना परवडत नाही. महांतप्पा "बरं" म्हणाले आणि फोन कानाला तसाच धरून उभे राहिले.

"काय म्हणले वो?" महादेवीनं विचारलं.

"बरोबर हाय म्हणले."

"मग आता?"

महांतप्पांनी पाना उचलला. बाहेर ट्रकवाला हॉर्न देत होता. त्याचा सायलेन्सर फुटला होता.