दारुडा ठरवलेला बाप

ती सकाळ मी विसरलेलो नाही आणि विसरावी असंही वाटत नाही, कारण त्या सकाळी घाई मी केली होती.

सुरतेत कतारगामकडून कोसाडला जाणाऱ्या रस्त्यालगत झुडपांत एक माणूस मरून पडल्याची वर्दी आमच्या ठाण्यात आली. वय तिशीच्या आसपास, शर्टाला दारूचा भपकारा, शेजारी रिकामी बाटली. अंगावर मार दिसत नव्हता. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणजे दारू मिळत नाही असं नव्हे. कसली मिळेल याचा नेम नसतो, एवढंच. असे मृतदेह मी आधीही पाहिले होते. पंच बोलावले, पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला आणि लेखनिकाला सांगितलं, ‘दारूच्या नशेत’ असं लिही. डॉक्टरांच्या आधी निदान करून मी मोकळा झालो.

दुपारी त्याची बायको ठाण्यात आली. धुळ्याकडची, राहायला कोसाडच्या वसाहतीत. नवरा कतारगामला एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात रात्रपाळीला कापड विणायचा. कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. माझे वडील बँकेच्या नोकरीसाठी खानदेशातून सुरतेला आले आणि आम्ही इथलेच झालो, पण घरची अहिराणी मला कळते, हे पाहून ती जरा मोकळी झाली. खुर्चीवर मात्र बसली नाही. डोळे कोरडे होते.

“साहेब, मना मालक दारूले हात लावे नही,” ती म्हणाली. “तुम्ही काय करशात ते करा, पन मनी पोरले कोन्ही म्हनाले नको, तुना बाप दारू पिसन मरना.”

पोरगी दुसरीत होती. सकाळी सातला पाळी सुटली की खात्याच्या दारातूनच तो घरी फोन लावायचा, पोरीला उठवायचा आणि एक पाढा म्हणून घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. त्या दिवशी सातला फोन आला नाही, तेव्हाच आपल्याला कळलं, असं ती म्हणाली.

ती गेल्यावर आमचे हवालदार म्हणाले की दारुड्याची बायको दुसरं काय सांगणार. माझंही मत फार वेगळं नव्हतं. पण रोज पिणारा माणूस सकाळी सातला पोरीचे पाढे ऐकत नाही, हे मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. उजव्या हाताच्या बोटावर भाजल्याची बारीक खूण होती. शिवाय दोन्ही कानांत कापडाच्या चिंध्यांचे बोळे होते. मी तोंड धुतलं, चहा घेतला आणि स्वतःला चार शिव्या दिल्या. लूम सुरू असताना शेजारच्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही. कारीगर हाताला लागेल त्या चिंधीचे बोळे करून कानांत घालतात. दारू प्यायला निघालेला माणूस ते घालून कशाला फिरेल?

खात्याच्या सुपरवायझरला बोलावून घेतलं. जळगावकडचा, पन्नाशीचा गृहस्थ. त्याने पाठ केलेलं सांगितलं की तो कारीगर पहाटे पाचलाच पोट दुखतं म्हणून गेला आणि त्याच्या तोंडाला वास येत होता. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि तो स्वतः लूमवर होता तेव्हाचं विचारत बसलो. माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारलं की तो खोटं बोलायचं विसरतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. पंधरा वर्षं लूम चालवली, असं तो अभिमानाने सांगू लागला.

“पाळी सुटली की कारीगर आधी काय करतो?” मी सहज विचारलं.

“आधी कानातलं काढतो, साहेब. दारातच. नाहीतर डोकं ठणकतं.”

डॉक्टरांकडून आलेलं बोळ्यांचं पाकीट मी टेबलावर ठेवलं. त्याचा चहा कपातच राहिला.

मग सगळं बाहेर आलं. मेलेला कारीगर चालवायचा त्या लूमच्या मोटरला करंट लागत होता आणि त्याने ते दोनदा सांगितलं होतं. पहाटे शॉक लागून तो तिथेच कोसळला. खात्याचा मालक, सेठ, घाबरला. कामाचे कपडे उतरवून खुंटीवरची पँट-शर्ट त्याला चढवली, अंगावर दारू ओतली आणि टेम्पोतून नेऊन टाकलं. दारू म्हटली की घरचे लाजेने गप्प बसतात, हा हिशेब सेठचा. कपडे आठवले, बाटली आठवली, कान मात्र राहिले, कारण सुपरवायझरला लूम सोडून टेबलावर बसल्याला बरीच वर्षं झाली होती. दोघांना अटक केली. निष्काळजीपणाने मृत्यू आणि पुरावा नष्ट करणं, असा गुन्हा दाखल झाला.

मी त्याच्या बायकोला कळवलं. कोर्टात काय व्हायचं ते होईल, ती म्हणाली, आधी आमच्या वसाहतीत येऊन सांगा.

दहाव्याला मी गणवेशात गेलो. खाली ओट्यावर शेजारची माणसं मान खाली घालून बसली होती. तो कामावर मेला, दारूचा थेंबही प्यायला नव्हता, आणि पहिल्या दिवशी तसं लिहायला लावण्याची चूक माझी होती, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. पोलिसाने चूक कबूल केलेली बहुधा कुणी पाहिली नसावी. खाली घातलेल्या माना एकेक करून वर झाल्या.

मग एक म्हातारी बाई म्हणाली की मला ताप भरला तेव्हा त्यानेच पाठीवर घेऊन चार जिने उतरवलं होतं. एकाने त्याचा हसरा स्वभाव सांगितला, एकाने त्याने बांधून दिलेला झोका. पोरीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी तो रात्रपाळी करून आला, झोपला नाही आणि शाळेच्या फाटकाबाहेर दुपारपर्यंत बसून राहिला, हेही तिथेच कळलं. दहा दिवस ही माणसं हे सगळं पोटात ठेवून बसली होती. दारुड्याचं चांगलं कोण बोलणार?

गुन्हा उघडकीला आणणं म्हणजे गुन्हेगार पकडणं, असं मी तोवर समजत होतो. मेलेल्या माणसाचं नाव परत द्यावं लागतं, त्याशिवाय घरच्यांना त्याचं सुतकही धड पाळता येत नाही, हे मी त्या ओट्यावर शिकलो. पोरगी प्रत्येक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती आणि पुढे काय झालं, असं विचारत होती. तिची आई तेव्हा पहिल्यांदा रडली.