बिराप्पांची चार माणसं

बिराप्पा हवालदार रोज सकाळी संगणकाच्या पडद्याला बोट लावून चार माणसं कानडीत मोजायचे. "ओंदु, येरडु, मूरु, नाक." चौथ्या माणसावर बोट आलं की मान हलवायची आणि मग खुर्ची पुढे ओढायची. माणसं बोटाच्या पेराएवढी, एकामागे एक उभी. रात्रभर बंद असलेल्या यंत्रातून कोण कुठे जाणार, असं मी एकदा म्हणालो. "असंल," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साताऱ्याचा. बी.एस्सी. करून सांगलीला विश्रामबागेतल्या एका संगणक क्लासमध्ये शिकवायला लागलो होतो. बिराप्पा तिथले शिपाई आणि रखवालदार. जत तालुक्यातले, मेंढपाळाच्या घरात जन्मलेले, घरात निम्मं कानडी बोलणारे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. सहाला क्लास उघडून झाडलोट करायचे आणि संगणकांची कव्हरं अशी घडी घालून ठेवायचे की कडेला फूटपट्टी लावून बघावी. पहिली बॅच आठला यायची. मी वरच्याच खोलीत राहायचो, त्यामुळे सहाच्या चहाला खाली येऊन बसायचो.

ती चार माणसं ज्या खेळातली, तो खेळ माझा होता. पुण्याच्या एका मित्राने फ्लॉप्यांवर भरून दिलेला. टीव्हीला जोडायच्या जुन्या जपानी यंत्रावरचा खेळ, आणि सोबत एम्युलेटर, म्हणजे आपल्या संगणकाला त्या यंत्राचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. चौघांनी मिळून गावोगाव हिंडायचं, वाटेत लढायचं, लोकांशी बोलायचं आणि शेवटी उत्तरेच्या किल्ल्यावर जाऊन तिथल्या राक्षसाने अडवलेली नदी सोडवायची. खेळातलं बोलणं इंग्रजीत. बिराप्पांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगायचो. नदी अडवली आहे हे कळल्यावर गावाकडे टँकरच्या रांगा बघितलेला हा माणूस खुर्चीत बसला तो बसलाच. "पानी खालच्या गावापतुर पोचतंय का, तेवढं बघायचं हाय मास्तर," म्हणाले.

स्पेसबार दाबून धरला की एम्युलेटर खेळ सहापट वेगाने पळवायचा. जुन्या खेळांत चालणं फार, लढाया त्याच त्याच. मी तर स्पेसबारवरून बोट उचलायचोच नाही. बिराप्पांनाही मोठ्या हौसेने दाखवलं. गावातली माणसं गुळावरच्या मुंग्यांसारखी धावायला लागली. त्यांनी माझं बोट हळूच बाजूला केलं. लढाईत ठीक आहे, पण गावात आणि वाटेवर नको, असं ठरलं. कारण विचारलं तर म्हणाले, "कोन भेटलं, कोन ऱ्हायलं, काय कळंना."

चौघांत सगळ्यात मागे एक म्हातारा वैद्य होता, काठी टेकत चालणारा. लढाईत त्याचा उपयोग शून्य. त्याला सोडा आणि एखादा तिरंदाज घ्या, असं मी दर आठवड्याला सुचवायचो. "ऱ्हाऊ द्या," बिराप्पा म्हणायचे, "त्यो मागं हाय म्हून पुढचं बिनघोर चालत्यात." मला हे हटवादीपणाचं वाटायचं, आणि मी तसं तोंडावर म्हणायचोही.

मग एक दिवस मालकांनी आम्हाला बोलावून सांगितलं की क्लास बंद होतोय, महिनाअखेरीला सगळे संगणक विकले जाणार. मला साताऱ्याला एमआयडीसीत नोकरी लागत होती. बिराप्पा गावी जाणार होते आणि तिथे संगणक कुठला! हातात तीन आठवडे होते. त्यांच्या चालीने किल्ला गाठायला दोन महिने लागले असते. आता तरी स्पेसबार वापरा, म्हणून मी मागे लागलो. "बघू," म्हणाले. त्यांचं "बघू" म्हणजे नाही, हे अख्ख्या क्लासला माहीत होतं.

पुढच्या रविवारी ते गावी गेले आणि मी त्यांना चकित करायचं ठरवलं. एक बोट स्पेसबारवर, दुसरं एंटरवर. भराभर लढाया मारल्या, डोंगर ओलांडले, त्यांची माणसं चौपट तगडी केली आणि पार किल्ल्याच्या पायथ्याशी आणून उभी केली. त्यांच्याच फाइलवर सेव्ह केलं. मग जरा मागे टेकून पाहिलं तर पडद्यावर तीनच माणसं. मधल्या कुठल्या तरी गावात कुणी तरी काही तरी विचारलं असणार आणि माझ्या बोटाने सहापट वेगाने "हो" म्हणून टाकलं असणार. म्हाताऱ्याला निरोप दिला गेला होता. जुनी फाइल उरली नव्हती. प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी "दोन प्रती ठेवा" असं बजावणारा मास्तर मी!

सोमवारी बिराप्पांनी बोट लावलं. "ओंदु, येरडु, मूरु." बोट रिकाम्या जागेवर थांबलं. मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली.

"त्यो आपल्याला कुटं गावला हुता?" त्यांनी विचारलं.

पहिल्याच गावात, विहिरीपाशी, मी म्हणालो.

"मग तितंच असंल. चुकलेलं मेंढरू पुढं जात न्हाई. जितनं संगट आलं, तितं परत जाऊन हुबं ऱ्हातंय. चला मागं."

मी हरतऱ्हेने समजावलं. हा प्रोग्राम आहे, मेंढरू नाही. तो तिथे असेलच असं नाही. किल्ला समोर आहे, तिघं तगडी आहेत, चार दिवसांत पाणी सुटलेलं दिसेल. मागे गेलो तर पुन्हा इथवर यायला वेळ उरणार नाही.

"आनि त्यो?" बिराप्पा म्हणाले.

किल्ल्याकडे पाठ करून आम्ही निघालो. आता तर त्यांनी लढाईतही स्पेसबारला हात लावू दिला नाही, वाटेत म्हातारा दिसायचा राहून जाईल म्हणून. प्रत्येक गावात प्रत्येक माणसाला विचारायचं. मी वाचत होतो. लोक आपलं तेच तेच सांगत होते, हवापाणी आणि तलवारींचे भाव. दोन डोंगर, एक नावेचा प्रवास. तिघं तगडी झाल्याने लढाया लवकर संपत, तरी दिवस भराभर सरले. संगणक न्यायला मालकांचा टेम्पो दुपारी यायचा होता, त्या सकाळी आम्ही पहिल्या गावात शिरलो.

विहिरीपाशी काठी टेकून तो उभा होता. त्याने विचारलं, "पुन्हा निघायचं का?" मी मराठीत सांगितलं. एंटर बिराप्पांनी स्वतः दाबलं. म्हातारा रांगेत मागे जाऊन उभा राहिला. त्यांनी बोट लावून चार मोजले, चौघांना धर्मशाळेत नेऊन झोपवलं, मला सेव्ह करायला सांगितलं आणि संगणक बंद करून कव्हर घातलं. पाण्याचं नावसुद्धा काढलं नाही. मी ती फाइल फ्लॉपीवर घेतली, या वेळी दोन फ्लॉप्यांवर.

साताऱ्याला पहिल्या पगारांतून जुना संगणक घेतला आणि रोज कामावरून आल्यावर तासभर खेळत, स्पेसबार न दाबता चालत चालत किल्ला गाठला. पुढच्या उन्हाळ्यात एसटीने जतला उतरून त्यांच्या वस्तीवर गेलो. ते बाजेवर होते, खंगलेले. मला बघून उठून बसले. नंतर पावसाळ्यातच ते गेले, म्हणजे आमची ही शेवटचीच भेट. मी सांगितलं, राक्षस मेला, नदी सुटली, पाणी अगदी खालच्या गावापर्यंत पोचलं, लहान पोरं काठावर येऊन उभी राहिली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"चौघं हुते न्हवं?" त्यांनी विचारलं.

"चौघं," मी म्हणालो. मला खात्री होती. रोज खेळ सुरू करायच्या आधी मी पडद्याला बोट लावून मोजत होतो. मला कानडी तेवढंच येतं, चारपर्यंत.