कुरडयांवरचं झाकण

कुठेही गेली की ती आधी बोट फिरवून पाहायची. कॉलेजचा बाक, जिन्याचा कठडा, आमच्या घरचा फ्रिज. मग काळं झालेलं बोट माझ्या नाकापुढे धरून म्हणायची, "हे पाय, आलं सिलतरा!"

सिलतऱ्याच्या कारखान्यांची धूळ आपल्या सगळ्यांच्याच छतावर येते. आपण छत धुतो, वाळत घातलेले कपडे झटकतो आणि विसरतो. ती विसरत नसे. एवढाच काय तो आमच्यात फरक, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आले.

पुरानी बस्तीत आम्ही एकाच गल्लीत राहायचो आणि कॉलेजात एकाच वर्गात होतो. माझे बाबा रेल्वेत गँगमन. डोंगरगढच्या सरकारी शाळेतून मी इथवर आले. घरातली पहिली पदवी माझी, आणि मला शिकवणाऱ्या प्रत्येकाचे उपकार मी मानते. म्हणून शेवटच्या वर्षी उद्योजकतेचा विषय आला, तेव्हा मी तो फार मनापासून घेतला. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "अपना काम किसको शुरू करना है? हाथ उठाओ." सर्वांत आधी माझा हात वर गेला. ती मागे बसून ओढणीला बोट पुसत होती.

"तुले नाही करायचं?" मी विचारलं.

"काय करायचं तेच माहीत नाही, तर हात कायले वर करू?"

सरांनी प्रत्येकाला एक वस्तू बनवून खरोखर विकायला सांगितली. मी बाजाराचा अभ्यास केला, जोखमीचे तक्ते काढले. सरांनी ते वर्गात सगळ्यांना दाखवले. पण जितकं शिकत गेले, तितकं मला दिसत गेलं की धंदा किती बाजूंनी बुडू शकतो. ती मात्र गल्लीतल्या छतांवर चढत होती. ऊन तापलं होतं, आपल्या बायका कुरडया घालत होत्या आणि धुळीला शिव्या देत होत्या. तिनं बांबूच्या कामट्यांच्या चौकटी केल्या, त्यांवर प्लास्टिक ताणलं आणि घरोघरी झाकणं विकली.

धूळ आत गेली नाही. वाफही बाहेर गेली नाही. गल्लीभरच्या कुरडया आंबल्या.

मला बरं वाटलं. आता आटपलं हिचं, म्हणून मी मजा पाहायला छतावर गेले. समोरच्या काकू तिला झापत होत्या, "अवो पोट्टे, वर्षाच्या कुरडया नासवल्या न तू!"

"हव काकू, माह्यंच चुकलं. गहू भिजवा, पुन्हा घालू आपण."

आणि खरंच, ती एकेका छतावर जाऊन चीक शिजवू लागली, सोऱ्या दाबू लागली. तळहाताला फोड आले. या वेळी झाकणाला मलमल होती, चौकटीवर ताणलेली. धूळ वर अडायची, वारा आत लागायचा. नवं झाकण पहिल्यांदा विकत घेतलं ते झापणाऱ्या काकूंनीच.

"माह्यंच चुकलं" हे ती पाणी मागावं इतक्या सहज म्हणायची. तो सहजपणा मला हवा होता. अजूनही हवा आहे.

शेवटच्या तासाला सरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. तिचा हात वर गेला, काळ्या बोटासकट. माझा बाकावरच राहिला. त्या विषयात वर्गात सर्वांत जास्त गुण मला होते.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काहून वो, तुझा हात कुठी गेला? चाल न माह्यासंगं. हिशोब तू पाय, छतं मी पायतो."

मला सिलतऱ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली होती. बाबांनी गल्लीत पेढे वाटले होते. मी म्हटलं, "पाहू."

मग ती कोरब्याला गेली. "तिकडे कोयल्याची धूळ आहे, लय!" दुसऱ्या कोणी समुद्र आहे म्हणावं, तशा आनंदानं तिनं मला हे सांगितलं होतं.

तुम्ही आमच्या गल्लीत उन्हाळ्यात आलात, तर छताछतांवर ती पांढरी झाकणं दिसतील. आमच्याही छतावर आहे. परवा रविवारी आई कुरडया उलटत होती. म्हणाली, "त्या पोट्टीचा फोन आला होता. बाया ठेवल्या म्हणे कामाले. हिशोबाले अजून कोणी मिळालं नाही म्हणे." आणि माझ्याकडे पाहत राहिली.

मी कठड्यावर बोट फिरवलं. काळं झालं. माझ्याच ऑफिसची धूळ असेल.

मग झाकण उचलून एक अर्धवट वाळलेली कुरडई मोडली आणि तोंडात टाकली. दाताखाली कचकच अजिबात लागली नाही. थोडी लागली असती, तर बरं वाटलं असतं.